अडीच बोटे खाली

मुलांची उंची चौकटीवर नोंदवायची तर खूण सुरीने करावी. कोळशाची खूण आठवड्याच्या आत कुणाच्या तरी पदराला लागते, आणि कुंकवाची पुसली गेली की घरात नसता संशय शिरतो. सुरीची चीर राहते. दिवाळीत चौकटीला तेलाचा बोळा फिरवला तर आणखी उठून दिसते.

माझ्या मुलीच्या खुणा गिरगावातल्या आमच्या पहिल्या बिऱ्हाडात होत्या, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारावर. वर्षातून दोन दिवस ठरलेले, गुढीपाडवा आणि दसरा. सकाळी, न्हाण्याच्या आधी. वेणी सोडायची, टाचा लाकडाला टेकवायच्या, डोक्यावर तिचीच शाळेची पाटी आडवी धरायची आणि पाटीच्या कडेखाली चीर पाडायची. हनुवटी वर केली की टपली मिळत असे.

सासूबाईंना हे सुरुवातीपासून नापसंत होते.

"जित्या माणसाला मापू नये," त्या म्हणाल्या. "तिरडी बांधताना मापतात."

"मग शिंपी काय करतो?"

"शिंपी कापड मापतो."

खुणा मात्र मी चालू ठेवल्या. त्यांची एक अट मी मानली. मुलीला उंबऱ्यावर उभे करायचे नाही. उंबऱ्यावर पाय देणे त्यांच्या घरात कधी चालले नव्हते. म्हणून ती उंबऱ्याच्या आत, सारवलेल्या जमिनीवर उभी राहायची.

मुलगी आठ वर्षांची झाली त्या पाडव्याला तिने हट्ट धरला, "बाबांची पण खूण करा." हे हपिसला निघाले होते. तरी टोपी काढून उभे राहिले, आणि चौकटीवर पार वर त्यांचीही एक चीर पडली.

पाडव्यानंतर महिनाभराने आम्ही जमीन नवी करून घेतली. आमच्या आधी तिथे किती बिऱ्हाडे राहून गेली असतील कोण जाणे, प्रत्येकीने सारवून सारवून जमीन इतकी चढवली होती की मधले दार घासू लागले होते. पहाटे दार उघडले की करकर आवाजाने सगळे घर जागे व्हायचे. सासूबाईंनी परळच्या बाजूच्या दोन बायका बोलावल्या. त्यांनी जुने थर उकरून काढले, लाल माती घातली, चोपून गुळगुळीत केली. दार निमूट फिरू लागले. चौकटीच्या पायथ्याशी लाकडावर एक फिकट पट्टा तेवढा राहिला. मी तो दर आठवड्याला ओल्या फडक्याने घासायची, जायचा नाही.

मग दसरा आला. मी पाटी धरली, सुरी टेकवली आणि हात थांबला. नवी खूण पाडव्याच्या खुणेच्या खाली येत होती. एक बोट खाली. मुलीला पुन्हा ताठ उभी केली. पुन्हा तेच.

सासूबाई देवापाशी पाटी-पुस्तकाच्या पूजेची तयारी करत होत्या. त्या उठून आल्या, बघितले आणि सरळ निकाल दिला. "वाढ खुंटली. दिवसभर पुस्तकात मान घालून बसते, अंग वाढणार कधी? दिवाळीची सुट्टी लागली की शाळा बंद."

सहा वर्षे ज्या खुणांना नावे ठेवली, त्यांच्यावर त्यांचा एका सकाळीत विश्वास बसला. ह्यांचे मत विचारले तर म्हणाले, "आई म्हणतेय तर राहू दे वर्षभर. पुढं बघू." वर्षभर घरी राहिलेली मुलगी पुन्हा शाळेत गेल्याचे मी आमच्या आळीत एकही उदाहरण पाहिले नव्हते. वर्षभरात तिच्यासाठी स्थळे येऊ लागतात.

माझे स्वतःचे लग्न दुसरी इयत्ता झाल्यावर झाले. तिसरीचे पुस्तक मी त्या वर्षी मुलीबरोबर वाचत होते, ती दुपारी मोठ्याने वाचायची तेव्हा तांदूळ निवडत. आम्ही निम्म्यावर आलो होतो. बंद झाले असते तर दोघींचे.

म्हणून मी आधी सगळ्या आया करतात तेच केले. दूध वाढवले. खारीक उगाळून दिली. पंधरा दिवसांनी, सासूबाई देवळात गेल्या असताना, गुपचूप मापले. खूण तिथेच. मीही घाबरले, हे कबूल करते. पोर खुंटते असे ऐकले होते, पण पोर आखडते असे कुणी म्हटलेले ऐकले नव्हते.

ते कोडे हलवले आमच्या नेहमीच्या कोळणीने. दारात टोपली टेकवता टेकवता तिने मुलीकडे पाहिले आणि म्हणाली, "काय खायला घालतंस गं बाय पोरीला? परकर बघ कुठं चाललाय! पुढच्या साली माझी टोपली तीच उतरवंल."

मी बघितले. पाडव्याला शिवलेला परकर घोट्यावर होता, तो आता चांगला वर गेला होता. परकर धुण्यात आटला म्हणावे तर त्याच ताग्यातली माझी चोळी आटली नव्हती. कोळीण म्हणते वाढली, चौकट म्हणते आखडली. दोघींतली एक खोटे बोलत होती, आणि कोळणीला खोटे बोलून काही मिळणार नव्हते. त्या दिवशी तर मी बांगडेही घेतले नाहीत.

चौकट खरे बोलते का, हे बघायला न वाढणारे माणूस हवे होते. ते घरात होते, आणि त्याची खूणही होती.

रविवारी हे वर्तमानपत्र वाचत बसले होते. सासूबाई समोर वाती वळत होत्या. त्यांच्यादेखत ह्यांच्याशी थेट बोलण्याची तेव्हा रीत नव्हती, म्हणून मी मुलीला म्हटले, "बाबांना विचार, जरा चौकटीपाशी उभं राहणं होईल का?"

"आईला विचार, कशाला?" पत्रामागून आवाज आला.

"बाबांना सांग, पाडव्याची खूण ताडून बघायचीय."

"आईला सांग, बत्तिसाव्या वर्षी माणूस वाढत नाही."

"बाबांना सांग, म्हणूनच."

मुलगी मधे उभी राहून नुसती मान इकडून तिकडे वळवत होती. सासूबाईंनी वात खाली ठेवली. "निरोप्याला तोंड उघडायला तरी द्या. ऊठ रे, राहा उभा. तेवढीच करमणूक."

हे उभे राहिले. मुलीला मी स्टुलावर चढवले, तिने बापाच्या डोक्यावर पाटी धरली आणि ओरडली, "बाबा, तुम्ही लहान झालात!"

"काहीतरीच," सासूबाई म्हणाल्या. स्वतः उठून आल्या. "टाच टेकव. मान सरळ. पाटी तिरपी धरू नकोस गं." पुन्हा मापले. त्यांनी आपल्या हाताने बोटे लावून अंतर मोजले. अडीच बोटे.

मग मी सासूबाईंनाच विचारले. "सासूबाई, पुस्तकं वाचून मुलगी एक बोट आखडली. हे तर अडीच बोटं आखडले. आता हपीसही बंद करायचं का?"

हे आधी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या लेकाच्या डोक्याकडे बघत होत्या, मग पायांकडे. मग खाली वाकल्या आणि मी दर आठवड्याला घासत होते त्या फिकट पट्ट्यावरून बोट फिरवले. जमिनीपासून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत बोटे लावली. एक, दोन, अर्धे.

"इथवर होती जमीन," त्या म्हणाल्या. "मीच उकरून घेतली."

इतके महिने ती जुनी जमीन मी फडक्याने पुसायला बघत होते. उघड्या डोळ्यांनी. हिशेब मुलीने त्याच पाटीवर मांडला. अडीचातून एक गेले, राहिले दीड. सहा महिन्यांत ती दीड बोट वाढली होती, आणि चौकटीने जे सांगितले ते तिच्याविषयी नव्हते, जमिनीविषयी होते.

सासूबाईंनी वाती पुन्हा हातात घेतल्या. दोन-तीन वळून झाल्यावर विचारले, "सुट्टी संपून शाळा कधी उघडते?"

"भाऊबीजेनंतर."

"मग ते पुस्तक पोह्यांच्या डब्यामागून काढ. उंदीर खाईल. तुम्ही दोघी तिथं लपवता ते मला ठाऊक आहे." मग, कुणाकडे न बघता, "आणि यापुढं मापायचं तर उंबऱ्यावर उभी कर. जमिनीचा काय भरवसा? वर्षातून दोनदा, पाय धुऊन."

पुढच्या पाडव्याला मुलगी पाय धुऊन उंबऱ्यावर उभी राहिली. जुन्या खुणांशी आता मेळ बसणार नव्हता, म्हणून मी चौकटीची दुसरी बाजू घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर आमचे तिसरीचे पुस्तक संपले होते आणि चौथीचे आणायचे ठरले होते. पाटी सासूबाईंनी धरली. माझ्या हातून ती तिरपी होते, असे त्यांचे म्हणणे होते.