शेवळांसोबत काकडं

लग्न होऊन पेठकडच्या डोंगरात आले तेव्हा मला रानातलं काहीच कळत नव्हतं. माहेर वणीचं, भाजी म्हणजे बाजारातून पिशवीत येते ती. सासूला मी आत्या म्हणते. तिच्या मागं मागं फिरून कर्टुली, कवळी, शेवळं अशा रानभाज्या ओळखायला शिकले.

आमच्या पाड्यावरच्या बाया तेव्हा भाजी आणून फाट्यावर एकेकट्या उभ्या राहायच्या. भाजी विकत घेणारा टेम्पोवाला एकीला सांगायचा, "ती बघ, तुझ्यापेक्षा कमीत देते." दुसरीलाही तेच. एकदा दोन सख्ख्या जावा त्यावरून भांडल्या आणि बोलेनाशा झाल्या. त्या संध्याकाळी आत्यानं सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. म्हणाली, "रान एकच हाय ना आपलं? मग टोपल्या कशाला येगळ्या?"

आम्ही नऊ जणी झालो. टेम्पोला द्यायचं नाही, शनिवारी एकच जीप करून नाशिकला जायचं आणि सगळ्यांचा एकच भाव, असं ठरलं. मी दहावी झालेली, म्हणून बोलायचं काम माझ्याकडं. एका सोसायटीच्या फाटकापाशी बसायची परवानगी मी मिळवली. शहरात आत्या तोंड उघडायची नाही. खाली मान घालून जुड्या बांधत बसायची.

पहिल्या शनिवारी शेवळं तासाभरात संपली. पुढच्या शनिवारी आम्ही बसतोय तोच एक बाई तरातरा आल्या.

"मावशी, काय विकलंत आम्हाला? घरात सगळ्यांचे घसे खाजले. रात्री डॉक्टरकडे पळावं लागलं!"

भाजी निवडणाऱ्या दोघीतिघी थांबल्या. शेवळं आंबट घातल्याशिवाय शिजवली तर घसा खाजतो, त्यात काकडाची आंबट फळं घालतात, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्हाला ते इतकं रोजचं, की सांगायचं असतं हेच सुचलं नाही.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "चुकलं आमचं, बाई. तुझ्या घरात चिंच हाय का?"

"आहे. का?"

"चल. मी करून दावते."

त्या बाई वाट दाखवायला पुढं झाल्या. मी जुडी घेऊन मागं गेले. एवढ्या चकचकीत स्वयंपाकघरात आत्या आधी अवघडली. चप्पल दाराबाहेर काढली, पाय पुसले. पण हातात विळी आल्यावर ती तीच आत्या. वरचं साल काढलं, बारीक चिरलं, तेलात परतलं, चिंचेचा कोळ घातला. भाजी झाल्यावर पहिला घास तिनं स्वतः खाल्ला. खुर्ची दिली तरी बसली नाही, खाली बसली. तेव्हा त्या बाईही ताटली घेऊन तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. दोघी जेवल्या. "आईकडे अशी चव असायची बघा," एवढंच त्या बोलल्या आणि डोळे पुसायला लागल्या. त्यांची आई नुकतीच गेली होती. आत्यानं खरकटा हात बाजूला धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांची पाठ थोपटली.

जीपमध्ये मी म्हटलं, "आत्या, चूक माझी होती. तू मला बोलली का नाहीस?"

"नवी व्हतीस तवा तू पण अशीच बिनाकाकडाची केली व्हती. समद्या घराचे घसे धरले. तवा तरी बोलले का मी?"

मला ते आठवतच नव्हतं. त्या रात्री घशाची खाज जायला सगळ्यांनी मुकाट्यानं गूळ खाल्ला, असं ती हसत सांगत राहिली.

त्याच आठवड्यात ठरलं, काकडं बांधल्याशिवाय शेवळांची जुडी द्यायची नाही. पुढच्या वर्षी पुन्हा उगवावं म्हणून शेवळांचा जमिनीतला कंद कुणी उपटायचा नाही, हेही आत्यानं वदवून घेतलं. त्या बाई आता मे संपत आला की फोन करतात. आसपासच्या घरांची मागणी त्याच लिहून ठेवतात. अबोला धरलेल्या जावा जीपमध्ये शेजारी बसतात, अजून थोड्या भांडतात.

आत्याला आता प्रवास झेपत नाही, दिसतंही कमी. शनिवारी जीप आमच्या दारात थांबते. ती प्रत्येक टोपलीत हात घालते, कोवळं-जून बोटांनी चाचपते आणि मग म्हणते, "जावा आता. ऊन व्हायच्या आत पोचा."