लग्नाच्या चार दिवस आधी पिकलेली केळी

केळीच्या पानावरच्या बुरशीवर प्रबंध लिहून मी डॉक्टर झालो, त्या वर्षी अख्ख्या खानदेशात मला नोकरी नव्हती.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. कॉलेजं मोजकी. एका ठिकाणी मुलाखत झाली. ‘एवढे शिकलेले आमच्याकडे टिकत नाहीत,’ असं म्हणून त्यांनी संस्थेच्या चिटणीसांच्या भाच्याला टिकवलं! इकडे देवपुरात, आमच्या घरी, आई रोज कपाळावर हात मारायची. “बठ्ठं गाव इचारस, तुना पोऱ्या काय करस? मी काय सांगू?”

शेवटी सावद्याहून सासऱ्यांचं पत्र आलं. नाना केळीचे मोठे व्यापारी. ‘बुरशीचं तुम्हाला कळतं, तर केळीचंही कळेल. या.’ मी आणि माझी बायको सुमन ट्रंका घेऊन निघालो. (एका ट्रंकेत निव्वळ प्रबंधाच्या प्रती होत्या. हमालाने दोनदा विचारलं, “लोखंड हाय का?”)

नानांच्या वखारीत केळी पिकवायचं काम सखूअक्कांकडे होतं. साठीच्या बाई. कच्चे घड पेंढ्यात रचायच्या, धूर द्यायच्या आणि दाराच्या फटीला नाक लावून सांगायच्या, “उद्या दुपारी.” उद्या दुपारी केळी पिकलेली असायची!

मला हे पटेना. “नाना, हा नुसता अंदाज आहे. शास्त्रात अंदाज चालत नाही.”

नेमकं त्याच वैशाखात माझ्या मेव्हणीचं, कमलचं लग्न होतं. वऱ्हाड जळगावच्या मेहरूणहून येणार होतं. प्रत्येक पानावर केळं आणि जाताना प्रत्येकाला केळ्यांची एक फणी, असा नानांचा बेत. चाळीस घड लागणार होते.

“जावईबापू, हे तुम्हीच करा,” नाना म्हणाले. अक्कांनी माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे बघून विचारलं, “हे ताप मोजायचं ना? कोनाले ताप आला?”

मी जाड इंग्रजी पुस्तक उघडलं, वखारीच्या फटी शेणमातीने लिंपल्या आणि पुस्तकात लिहिलं होतं तितके तास धूर दिला. पुस्तक थंड मुलखातलं होतं आणि वखार सावद्यातली, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही!

लग्नाला चार दिवस उरले असताना सुमन म्हणाली, “अहो, कसला गोड वास येतोय?” वखारीचं दार उघडलं. चाळीसच्या चाळीस घड पिवळेधमक!

मग घरात केळ्यांशिवाय काही शिजेना. सकाळी शिकरण, दुपारी केळ्याची भजी, संध्याकाळी केळ्याची कोशिंबीर. शेजाऱ्यांना वाटली. दुसऱ्या दिवशी मी केळ्यांची पाटी घेऊन निघालो, तर आळीतली दारं धडाधड बंद! म्हशीनेही तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी सालींवर काळे डाग पडले, आणि माझ्या प्रबंधातल्या बुरशीची चुलत बहीण मला भेटायला आली.

लग्नाच्या सकाळी नाना ओट्यावर मटकन बसले. “सावद्याचा केळीवाला, अन् पंगतीत केळं नाही! व्याह्यांना तोंड कसं दाखवू?” एरवी गडगडाटी हसणारा तो माणूस पंचाने डोळे पुसत होता. मला धरणी दुभंगावी असं वाटलं.

तेवढ्यात दाराशी बैलगाडी थांबली. वर अक्का आणि त्यांच्यामागे सोनेरी घडांची रास.

“अक्का! हे कुठून?”

“तुमी थर्मामीटर लावलं, तवाच म्या माह्या घरी घड पिकाले लावले.”

पंगत झोकात उठली. व्याही केळं सोलत म्हणाले, “वा! डॉक्टर जावयांनी पिकवलेली दिसतात!” नानांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणायचा मोह झालाच. (एक घास मी जरा जास्तच वेळ चघळला, कबूल करतो.) मग म्हणालो, “नाही. अक्कांनी पिकवलीत. मी पिकवलेली म्हशीनं नाकारली.”

सगळ्यांत मोठ्याने नाना हसले.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन अक्कांसमोर बसलो. “वही ठिवा तिकडे,” त्या म्हणाल्या. “डोये मिटा. वास घ्या.”

तीन वर्षं वास घेतला, तेव्हा कुठे त्यांनी एक वखार माझ्या एकट्यावर सोपवली. पुढे दिल्लीहून एक व्यापारी आला. दारावरची ‘डॉक्टर’ लिहिलेली माझ्या नावाची पाटी पाहून त्याने अक्कांना विचारलं, “हे खरंच डॉक्टर आहेत?”

“हो ना! लई शिकेल हायेत,” अक्का मायेनं म्हणाल्या, “पन आता बरे होऊन राह्यले!”