सनई, हळद आणि एकोणिसाचा पाढा

माझं पहिलं लग्न झालं तेव्हा मी आमच्या माळवदावर उभा राहून एकोणिसाचा पाढा शिकवत होतो. (नवरी कोण होती, ते मला आजवर कळलेलं नाही!)

दुष्काळ सरला, आता जरा बरे दिवस येतील म्हणावं, तर सोलापुरात डोळे आले! घरोघर पोरं लाल डोळे चोळत बसली, चौकात काळे चष्मे विकणाऱ्याची चंगळ झाली आणि आमची प्राथमिक शाळा बंद पडली. मी चौथीचा मास्तर. नोकरी नवी, त्यामुळे अंगात उत्साह फार. (तो पुढे पहिल्या बदलीत हरवला.) माझा वर्ग नेमका एकोणिसाच्या पाढ्याशी येऊन अडलेला. मी म्हटलं, डोळे मिटलेत ना? कान तर उघडे आहेत! माळवदावर लाउडस्पीकरचा कर्णा लावायचा. पोरांनी आपापल्या घरी पडल्या पडल्या ऐकायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. पेठेतली घरं एकमेकांना खेटून, त्यामुळे आवाज जायची काळजी नव्हती.

मांडववाले मेहबूबभाई कर्णा घेऊन आले. सोबत तबकड्यांचं यंत्र आणि दाराला बांधायला एक भलंमोठं तोरण.

"मेहबूबभाई, तोरण कशाला?"

"कर्णे के साथ तोरण आताच है, गुरुजी!"

"आणि ही सनईची तबकडी?"

"सनई के बगैर अपना मशीन बोलताच नै! पैले सनई, बाद में तुमचा पाढा."

सनईशिवाय सुरुवात त्यांना अशुभ वाटायची. बरं, नुसती सुरुवातीला वाजवून थांबले असते तरी चाललं असतं. मी पाणी प्यायला थांबलो की हे सनई लावायचे!

आता इथं सांगायला हवं, की माझं खरोखरीचं लग्न तेव्हा जमत आलं होतं. मास्तराचा पगार ऐकून तोवर बरीच स्थळं परत गेलेली. आईनं तर जाहीर करून टाकलं होतं, "हेही मोडलं तर मी काशीला जाते. तुझी भाकरी तू थाप!" मुलगी मैंदर्गीची, सातवी पास. बघायला गेलो तेव्हा मला मनापासून आवडली. पण मास्तरकीची खोड! सगळ्यांसमोर मी विचारलं काय, तर "एकोणिसाचा पाढा येतो का?" तिनं मान खाली घातली. (येत नसावा, असं समजून मी मोठ्या मनानं माफ केलं.) तिचे वडील, अण्णा, पुढच्या आठवड्यात घर बघून सुपारी फोडायला येणार होते.

त्यात कर्णा लावला त्याच सकाळी माझेही डोळे आले. आईनं हळदीत भिजवलेलं फडकं हातात दिलं. दर ओळीला डोळे पुसून पुसून माझं तोंड पिवळं, कान पिवळे, सदऱ्याची कॉलर पिवळी! वर काळा चष्मा. असा मी माळवदावर उभा.

पाढा मात्र झकास चालला होता. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली विणकराची नरसव्वा नारळ आणि खण घेऊन दारात हजर.

"गुरुजींचं लगीन, आन् आमाला सांगितलं न्हाय?"

"अगं बाई, लग्न नाही, शाळा आहे!" आई म्हणाली.

"शाळंला सनई कोन लावतंय? आन् वर हळद लागल्याली दिसतीया की!"

तिच्या मागून आणखी चार बायका आल्या. आई 'नाही नाही' म्हणेल तेवढा त्यांचा संशय वाढला. बरं, दारी आलेल्या सवाष्णींना नुसतं कसं पाठवायचं? आईनं शिरा परतायला घेतला! त्याचा वास गल्लीभर सुटला आणि ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली.

नेमके त्याच दिवशी अण्णा बाजाराला सोलापुरात आलेले. आलोच आहोत तर घर बघून जाऊ म्हणून त्यांनी चौकात पत्ता विचारला.

"गुरुजींचं घर? त्ये काय, सनई वाजतीया तितं! आज लगीन हाय त्यांचं."

अण्णा तरातरा दारात आले. "येन्री इदु? ह्ये काय चाललंय? नवरदेव कुटं हाय?"

पाच बायकांनी वर बोट दाखवलं. मी वाकून पाहिलं. पाणावल्या डोळ्यांना नुसता एक पटका दिसला. सकाळपासून दोघंतिघं पालक आजारी पोरींना घेऊन दारात येऊन गेले होते, हा त्यांतलाच, असं समजून मी माइकवरूनच खेकसलो, "तुमची मुलगी घरीच ठेवा! जो उठतो तो आपली मुलगी माझ्या दारात आणतोय!"

कर्णा उत्तम होता. सगळ्या पेठेनं ऐकलं.

अण्णा गर्रकन मागे फिरले. खालून आई किंचाळली, "अरे मेल्या, मैंदर्गीचे अण्णा ते!"

मैंदर्गीच्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि मागोमाग काशीची गाडी! मी माइक घट्ट धरला. "अण्णा, थांबा! लग्न नाही हो, शाळा आहे! पोरांनो, एकोणीस चोक?"

खिडक्यांतून, माळवदांवरून, मागांच्या खडखडाटातून एकदम आवाज आला, "शहात्तर!"

"एकोणीस पंचे?"

"पंच्याण्णव!"

अण्णा थबकले. परत येऊन त्यांनी घरभर नवरी शोधली, अगदी खाटेखालीसुद्धा! सापडला तो फक्त शिरा. दोन ताटल्या संपवून म्हणाले, "मास्तर येडं हाय, पर शिकवतंय ब्येस. फोडा सुपारी!" (मग त्यांच्यासोबत डोळ्यांची साथ मैंदर्गीला गेली. सासुरवाडीत हा विषय अजून निघतो.)

लग्न आमच्याच दारात झालं. कर्णा तोच, तबकडीही तीच. अंतरपाट धरला, भटजींनी घसा खाकरला, सनई थांबली... आणि सगळ्या माळवदांवरून गजर झाला, "एकोणीस एके एकोणीस!" सनई संपली की पाढा, हे पोरांच्या अंगवळणी पडलेलं! वऱ्हाड्यांनीही ओळीओळीला अक्षता टाकायला सुरुवात केली. भटजी कपाळाला हात लावून उभे. सातव्या ओळीला पोरं अडखळली.

"एकोणीस साती..."

माझ्यातला मास्तर उसळला. भटजींपुढच्या माइकमध्ये मी ओरडलो, "एकशे तेवीस!"

मग अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला, "एकशे तेहतीस की!"

बायकोनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही लाउडस्पीकरवरून.

अजूनही चौकात जुना विद्यार्थी भेटला की वाकून नमस्कार करतो आणि हळूच विचारतो, "गुरुजी, एकोणीस साती किती?"

मी म्हणतो, "थांब, घरी विचारून सांगतो."