वडिलांची दाढी

माझे वडील अकोल्याच्या कोर्टासमोर अर्जनवीस होते. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे, आणि लिहिता येत असूनही कोर्टाची भाषा येत नसे त्यांचेही अर्ज ते लिहून देत. आधी सगळं ऐकायचं, मग लिहायचं आणि शेवटी पूर्ण अर्ज पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, अशी त्यांची पद्धत. ते वाचायला लागले की शेजारच्या झाडाखालची माणसंही कान देत. साठ सालाच्या आगेमागे त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी तेव्हा अमरावतीला एका शाळेत नवाच मास्तर झालो होतो आणि खोली घेऊन एकटा राहत होतो.

पहिले पंधरा दिवस धावपळीत गेले. मग ते उठून बसू लागले, डाव्या हाताने जेवू लागले. एका रविवारी मी गेलो असताना म्हणाले, "हात गेला तं जाऊ दे. तोंड तं हाये नं? मी सांगतो, लिहिनारा लिहीन. पुढच्या महिन्यात पयल्या सोमवारी कोर्टात बसतो."

त्यांचं हे बोलणं मी इथे सरळ करून लिहिलं आहे. प्रत्यक्षात त्यांची जीभ जड झाली होती. निम्मं ऐकू यायचं, निम्मं आम्ही अंदाजाने भरून घ्यायचो आणि माना डोलवायचो. त्यांना ते जाणवत नव्हतं आणि आम्ही सांगत नव्हतो. डॉक्टर म्हणाले होते, सुधारेल हळूहळू. त्याचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने काढला होता.

कोर्टात जायचं तर दाढी करायला हवी. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी केली होती. घरी न्हावी बोलवायला त्यांचा ठाम नकार होता. आमच्या गल्लीत न्हावी धोकटी घेऊन घरी आला की शेजारणी आधी डोक्यावर पदर घेत, मग विचारत, काय झालं. "मी मेलो असं समजतीन लोकं," ते म्हणाले. मी पत्तीची, म्हणजे ब्लेडची, दाढी सुचवून पाहिली. "पत्तीनं दाढी होत नाई, घासाई होते." संपला विषय. मग डावा हात माझ्याकडे करून म्हणाले, "तू कर. शिकून घे."

मला स्वतःची दाढीही कधी करावी लागली नव्हती. आठवड्यातून दोनदा खोलीजवळच्या न्हाव्याच्या एका खुर्चीच्या दुकानात जाऊन मान वर करायची, एवढंच माझं कौशल्य. त्या दुकानदाराला मी सगळं सांगितलं. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, एक जुना वस्तरा काढून दिला आणि म्हणाला, "मास्तर, तोंडाले लावू नोका. पयले नडगीवर करा. नडगीवर जमलं तं गालावर जमते."

आठवडाभर मी नडगी भादरली. रोज सकाळी पाटावर बसायचो, पायाला साबण फासायचो आणि वस्तरा केसांच्या कलाने खाली ओढायचो. नडगीचं हाड काही लपून राहत नाही, त्यामुळे माझ्या चुका लगेच लाल होऊन दिसत. शिकण्यासारखं फारसं नव्हतं: कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची, वस्तरा जवळजवळ आडवा ठेवायचा आणि दाबायचं नाही. दाबायचं नाही हे कळायला तीन दिवस लागले. मुलांना मी जे एका तासात शिकवून उत्तरं मागायचो, त्याचा मला त्या आठवड्यात जरा पश्चात्ताप झाला. शाळेत पायजमा घालूनच जायचं असल्यामुळे बाकी कोणाला काही कळलं नाही.

मग गालावर आलो. उजवा गाल ठीक झाला. डाव्या गालासाठी हात नाकावरून आडवा न्यावा लागतो, आणि आरशात सगळं उलटं. ठरलेल्या सोमवारच्या आधीचा शुक्रवार होता. डाव्या बाजूचा साबण पुसून पाहतो तो मिशीचं टोक गेलेलं. मग उजवीकडचं थोडं कमी केलं. ते जास्त झालं. पुन्हा डावीकडचं. गोष्टीतलं माकड लोण्याचे दोन गोळे सारखे करतं, तसं मी दोन्ही बाजू सारख्या करत गेलो, आणि शेवटी सारख्या झाल्या. मिशी उरलीच नव्हती.

आज हे वाचणाऱ्याला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे तेव्हा बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नसे. मिशी जायची ती बापाच्या दहाव्याला. दुकानदाराने पाहिलं तेव्हा त्याच्या हातातली वाटी तशीच राहिली. "अरे बाप्पा! मास्तर, बाप हाये नं?" मी म्हटलं, आहे. "मंग हे काय करून बसले तुमी?" त्याला माझ्याहून जास्त वाईट वाटलं. शाळेत हेडमास्तरांनी बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "रजा किती दिवसांची लागेल?" मी खुलासा केला, तर त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाऐवजी नाराजी आली. शनिवारी अकोल्याला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली, तर वडिलांच्या गावचे, हिवरखेडचे, एक ओळखीचे गृहस्थ भेटले. काही न बोलता त्यांनी मला खिडकीची जागा दिली. मूर्तिजापूर आल्यावर खोकून म्हणाले, "कवा झालं?" मी म्हटलं, बाबा बरे आहेत, सोमवारी कोर्टात जाणार आहेत. मी त्यांना फसवून जागा घेतल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अकोल्यापर्यंत तोंड फिरवून बसले.

घरी दार आईने उघडलं. वडील आत खोकत होते, तो आवाज आम्हा दोघांनाही येत होता. तरीही माझं तोंड पाहताच तिने मागे वळून आत पाहून घेतलं, माणूस आहे ना म्हणून. मग तिचा संताप उफाळला. "तुले काही अक्कल हाये का नाई? यायच्या समोर असा जाशीन तू?" मी म्हटलं, चुकून झालं. "चुकून बोट कापते मानसाचं, मिशी नाई जात." शनिवारी दाढी करायची नाही, म्हणून आई मला रात्रभर वडिलांपासून दूर ठेवू शकली. पडवीत जेवलो, पडवीत झोपलो.

रविवारी सकाळी वाटी, ब्रश, वस्तरा घेऊन त्यांच्यासमोर बसावंच लागलं. त्यांनी पाहिलं. मी नडगीपासून सगळं सांगितलं. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग त्यांच्या पोटातून काहीतरी हलत वर आलं, आणि ते हसताहेत हे आम्हाला जरा उशिराच समजलं.

"कर सुरू," ते म्हणाले.

मी डाव्या गालापासून सुरुवात केली. चाळीस वर्षं ज्याने कोणाला गळ्याशी धार आणू दिली नाही, तो माणूस मान मागे टाकून बसला होता. मी लहानपणापासून त्यांना भीत आलो होतो आणि ती भीती त्या सकाळी कुठे गेली ते मला ठाऊक नाही. मला त्यांची फार माया आली. उजवा गाल सैल होता, त्याला स्पर्श कळत नव्हता, तिथे मी दुप्पट सावकाश गेलो. एकदाही रक्त निघालं नाही. पुसायला पंचा घेतला, तेव्हा त्यांनी डावा हात उचलून स्वतःची मिशी दाखवली.

"हेही काढ."

आई पुढे आली. "काहून? काही बी काय बोलता?"

"पोट्टा एकटा कायले फिरन असा? दोघायच्या नाई राहिल्या, तं मंग कोनी इचारनार नाई, बाप मेला का म्हनून. मिश्याच ठेवत नाई या घरात, म्हनतीन."

त्यांची मिशी जाड, पांढरी, ओठावर उतरलेली होती. ती मी काढली. हा एवढा उपकार माझ्यावर आजवर कोणी केला नाही, असं मला वाटत होतं. त्यांनी आरसा मागितला. वारं गेल्यापासून त्यांनी आरसा पाहिला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते आलं नाही. मी कौतुकाने आरसा समोर धरला.

मिशीखाली वरचा ओठ उजवीकडे पार ओघळलेला होता. नाकापासून हनुवटीपर्यंत तोंड तिरकं झालं होतं. मिशीमुळे ते आम्हालाही इतकं दिसलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. एक शब्द बोलून पाहिला, ओठाकडे बघत. पुन्हा बोलून पाहिला. तो "अर्जदार" असावा.

"मी बोलतो ते तुमाले समजते का?" त्यांनी विचारलं. हे मी सरळ करून लिहीत नाही. हे त्यांनी इतकं हळू, एकेक अक्षर सोडवत विचारलं की कळलं.

आई म्हणाली, "समजते नं, सारं समजते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिले. खोटं मला तयारच होतं, महिनाभर वापरलेलं. पण नुकतीच या माणसाने माझ्यापुढे मान मागे टाकली होती.

"निम्मं समजते, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी आरसा माझ्या हातून घेऊन पालथा ठेवला. मानेवर राहिलेला साबण बोटाने दाखवला. मी तो पुसत असताना ते काहीतरी म्हणाले. महिन्यात पहिल्यांदाच मी मान डोलवली नाही, पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी समजलं. सोमवारचं राहू दे, असं ते म्हणत होते.