प्रूफवाले काका जॅझ शिकतात

माझे काका छापखान्यात प्रूफं तपासायचे. त्यांच्या नजरेतून चूक सुटणं अशक्यच. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो नाहीतर दुकानाची पाटी, खिशातलं लाल पेन बाहेर आलंच म्हणून समजा. काकू बोलत असली की तिचं वाक्यसुद्धा मधेच दुरुस्त करायचे. "अहो, आधी ऐकून तर घ्या!" ती म्हणायची. माणूस मनाने चांगला, पण सोबतीला नुसता वैताग.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सॅक्सोफोन घेतला आणि जॅझच्या वर्गात नाव घातलं. आम्ही गालातल्या गालात हसलो. जॅझमध्ये ठरलेली चाल सगळे मिळून एकदा वाजवतात. मग एकेकाने पाळीपाळीने त्याच चौकटीत स्वतःचं काहीतरी तिथल्या तिथे रचायचं, बाकीच्यांनी साथ धरायची. आणि आमचे काका साधा फोन करायचा तरी काय बोलायचं ते आधी घोकून घेणारे!

सराव त्यांनी मान मोडून केला. पण पाळी आली की पंचाईत. सूर चुकला रे चुकला की वाद्य तोंडातून काढून म्हणायचे, "माफ करा, पुन्हा घेतो." तोवर साथ पुढे निघून गेलेली असायची.

शिकवणाऱ्या बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या, पण खमक्या. "काका, गाणं कुणासाठी थांबत नाही. सूर चुकला ना, मग तोच पुन्हा वाजवा. दुसऱ्यांदा आला की ऐकणाऱ्याला तो इथलाच वाटतो. मग तिथून हळूच शेजारच्या सुरावर उतरा."

काकांना हे काही केल्या पटेना. एकच चूक दोनदा केली तर दोन चुका होतात, असं त्यांचं म्हणणं.

वर्षअखेरचा कार्यक्रम जवळ आला तशी बाईंनी तंबीच दिली, "रंगीत तालमीत थांबलात तर कार्यक्रमात तुम्ही प्रेक्षकांत." काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. "एकदा तरी सगळ्यांबरोबर वाजवायचंय गं मला," ते काकूला म्हणाले. त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

तालमीला काकू आणि मी मागच्या बाकावर बसलो. काकांची पाळी आली. सुरुवात झकास झाली आणि मग सूर चुकलाच, अगदी मलाही कळेल असा. काकूने माझं मनगट घट्ट धरलं. वाद्य काकांच्या ओठांपासून सुटायला लागलं होतं. पण त्यांनी डोळे मिटले आणि तोच सूर पुन्हा वाजवला, जरा लांबवून. पियानोवाल्याने मान वर करून पाहिलं आणि साथ त्या सुराला जुळवून घेतली. तिथून काका एक पायरी खाली उतरले, परत वर गेले आणि पाळी पुरी करूनच थांबले.

"तो सूर मुद्दाम घेतलात की काय?" बाईंनी विचारलं.

"छे हो, चुकलाच होता," काका म्हणाले. "पण राहू दिला."

"काय म्हणाले?" काकूने मला विचारलं. तिला नीट ऐकू आलं होतं. तरी मी पुन्हा सांगितलं.