शालिनीने दातांनी काढलेली नखे

डिचोलीत खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून भाड्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिथे शालिनी राहते. नवरा रामचंद्र ट्रकवर ड्रायव्हर, दोघेही सावंतवाडीकडची. आमच्या पुढाऱ्यांच्या लेखी ही बाई म्हणजे सभेला आणून बसवायचे एक डोके. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी म्हणून ज्या वर्षी आम्ही सगळे घसे फोडत होतो, तेव्हा तिची पाच वर्षांची अश्विनी कांजण्यांनी भरली होती.

कांजण्या म्हणजे देवी घरात आली, हा रांगेचा निकाल. आणि न्यायाधीश शेजारची सरस्वतीबाय. स्वतःची सून हिला कंटाळून घर सोडून गेली, तरी दुसऱ्यांची पोरे वाढवण्याचा मक्ता हिच्याकडे. कायदा असा, की अंगाला पाणी लावायचे नाही, लोखंड लावायचे नाही. म्हणजे नखे कापणेही बंद. दिवसभर तांबडी धूळ आत येणार, फुटलेल्या फोडांवर बसणार, पोर वाढलेल्या नखांनी ओरबाडणार, आणि ही बया उंबऱ्यावर बसून देवीचा मान सांगणार. देवीला घाण आवडते हे हिला कोणी सांगितले कोण जाणे.

डाव्या भुवईखालचा फोड पिकला, पापणी सुजली, तेव्हा शालिनीने कोणाला न विचारता पोरीला डॉक्टरकडे नेले. त्याने औषध दिले आणि बजावले: रोज कोमट पाण्याने अंघोळ, अंग घासायचे नाही, नुसते टिपायचे, खाजेला गुलाबी लोशन, आणि नखे आजच काढा, ओरबाडून ओरबाडून डोळा घालवून बसेल.

घरी रामचंद्राने ब्लेड काढले. सरस्वतीबाय दारात हजर.

"लोखंड लावशीत तर देवी कोपतली हां, रामचंद्रा."

घाटातून भरलेला ट्रक उतरवणारा हा मर्द. त्याने ब्लेड मुकाट खिशात घातले.

शालिनीने पोरीला मांडीवर घेतले, तिचे हात धुतले आणि एकेक नख दातांनी काढून अंगणात थुंकून टाकले. सगळी रांग बघत होती.

"माझे दात काय लोखंडाचे नाय, बाये. आणि कांजण्या माका ल्हानपणीच येवन गेल्यात."

"आणि पाणी?"

"बादली प्लास्टिकची आसा. पुढे बोल."

मग रोज अंघोळ, सैल सुती झगा, खाज आली की खाजवायचे नाही, वरून थापटायचे. खपल्या सुटू लागल्या तशा ह्याच बायका डाग घालवायला लिंबू घेऊन आल्या. "डाळीत पिळा," शालिनी म्हणाली आणि खपल्या आपोआप पडेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. मग खोबरेल तेल, उन्हात खेळायला बंदी.

डोळा वाचला. भुवईखाली एक खळगा राहिला.

"सांगलेलंय मी," सरस्वतीबाय म्हणाली. "आता हिका बायको कोण करून घेतलो?"

"डोळे शाबूत आसत तिचे. बघूक येतल्याक तीच बघून घेतली."

त्यानंतर रांगेत आणखी दोन पोरांना कांजण्या आल्या. त्यांच्या आया शालिनीकडे लोशन विचारायला आल्या, पण मागच्या दाराने. पुढे सरस्वतीबाय बसलेली असते ना.