उरलेले थेंब

"आजी, डोळा जाईल! काय घातलंत ते सांगा," डॉक्टरीणबाई ओरडल्या.

पडद्यावर माझा डोळा भाकरीएवढा दिसत होता. उसाचं पान लागून बुबुळावर पांढरा डाग पडला होता. संगणक फोटो बघून बुरशी म्हणत होता, फोनवरचे मोठे डॉक्टर जंतू म्हणत होते. दोन्हींची औषधं वेगळी.

सून शेजारी होती, म्हणून मी गप्प होते. शेवटी बोलले, "मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब. आठवडाभर."

"मग बुरशीच. त्या थेंबांतलं स्टेरॉइड डोळ्याची प्रतिकारशक्ती मारतं, त्यानेच ती पोसलीय," फोनवरून आवाज आला.

"बाटली फेका म्हटलं होतं ना, आत्या!" सून म्हणाली.

हजारो डोळे पाहिलेल्या यंत्रालाही माझा हट्ट दिसला नाही. तो मलाच सांगावा लागला. माणसं लाजेपायी आंधळी होतात. माझा डोळा वाचला. त्याने अंधुक दिसतं.